रत्नागिरीत राहून संगीत नाटकात गायक-नट व्हायचंय, बारावीनंतर सुरुवात कुठून करू?

आधी शास्त्रीय गाण्याचा गुरू धरा आणि त्याच वर्षी एखाद्या संगीत नाटक मंडळाच्या तालमींना जायला लागा. रत्नागिरीत 'खल्वायन' ही संस्था संगीत नाटकं बसवते, तिथे मिळेल ते काम घ्या.

नाट्यपद, म्हणजे नाटकातलं गाणं, बहुतेकदा रागावर उभं असतं, म्हणून रियाज हवाच. पण नुसता गायक रंगमंचावर अडखळतो, कारण तिथे संवादाच्या शेवटच्या शब्दाला लागून मुखडा, म्हणजे पदाची सुरुवातीची ओळ, उचलायचा असतो. संवाद जोरात बोलून दम गेलेला असतो आणि सूर नेमका लागत नाही. यासाठी रोज पदाआधीची चार वाक्यं पूर्ण आवाजात बोला, पेटीचा आधार न घेता मुखडा घ्या, मग पेटीवर तो सूर वाजवून तपासा. हेच चालता चालता, बसता-उठता करा. रेकॉर्डमधल्या मूळ गायकाची पट्टी (ज्या सुराला 'सा' मानून तो गातो) मात्र धरू नका, आवाज बसतो. पदातला सगळ्यात वरचा सूर न ओरडता सलग तीनदा लागला तरच ती पट्टी तुमची. नाहीतर अर्धा सूर खाली या.

पदवीच हवी असेल तर:
- पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र: बारावीनंतर
- मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स: पदवीनंतर

एक लक्षात घ्या, नाचासकट पाश्चात्त्य धर्तीचं म्युझिकल करायचं असेल तर ही तयारी अपुरी पडेल. नृत्याचा वर्ग आत्ताच लावावा लागेल.