फर्मच्या आधीचा प्रश्न

तू विचारलंयस, अमेरिकेत जेडीला, म्हणजे तिथल्या तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीला, आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात कामासाठी कोणती वकिलांची फर्म घेतली म्हणजे पुढे फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टातल्या, न्यायाधीशांकडे क्लार्कशिप, म्हणजे त्यांच्या हाताखाली निकालाचे मसुदे लिहायची नोकरी, मिळणं सोपं जाईल. पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहेस, म्हणजे माझ्या लेकीहून थोडी लहान. म्हणून अगं-तुगं करते. प्रवेश, फी, व्हिसाची मुलाखत यावर लिहीत नाही, ते कुठेही वाचायला मिळेल.

फर्मचं आधी सांगून टाकते. बरेच फेडरल न्यायाधीश जे वेळापत्रक पाळतात त्यात अर्ज दुसरं वर्ष संपल्यावर जूनमध्ये, ऑस्कर नावाच्या पोर्टलवरून जातात. उन्हाळ्याची फर्मही त्याच सुमारास सुरू होते. म्हणजे तिथे तू काय लिहिलंस, कसं काम केलंस हे कुणाला कळायच्या आत अर्ज गेलेला असतो. बायोडेटावर उरतं फक्त फर्मचं नाव. न्यायाधीश बघतात ते मार्क, त्यातही पहिल्या वर्षाचे, मग लॉ रिव्ह्यू (कॉलेजचं कायद्याचं नियतकालिक), प्राध्यापकांची पत्रं आणि लिखाणाचा नमुना. म्हणून जमलं तर पहिला उन्हाळा एखाद्या न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये बिनपगारी काढ. दुसऱ्या उन्हाळ्यासाठी खटल्यांचं काम देणारी फर्म बघ, जिथले सीनियर स्वतः क्लार्क होते. त्यांनी न्यायाधीशांना केलेला एक फोन फर्मच्या नावापेक्षा जास्त कामाचा असतो. मोठ्या फर्म क्लार्कशिपसाठी वर्षभर जागा राखून ठेवतात, परत आल्यावर बोनसही देतात. कोर्टात असताना त्या फर्मच्या केसला मात्र हात लावायचा नसतो. तेव्हा फर्म आडवी येईल ही भीती नको.

आडवा येतो तो पासपोर्ट, आणि हे तुझ्या प्रश्नात कुठेच नव्हतं म्हणून मी लिहायला बसले. मुख्य भूमीवरच्या फेडरल कोर्टांत पगारी नेमणूक मिळते ती नागरिकांना, आणि नागरिकत्वाच्या वाटेवरच्या ग्रीनकार्डधारकांसारख्या मोजक्या लोकांना. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या भारतीय विद्यार्थिनीला नाही. हवाई, ग्वाम, पोर्टो रिको इथल्या कोर्टांना ही अट लागू नाही.

आम्हाला हे २०२३ च्या मे महिन्यात कळलं. लेकीच्या एका प्राध्यापकांनी शिफारसपत्र द्यायचं कबूल केलं होतं, आणि अर्जाची तयारी करताना तिने पात्रतेचं पान उघडलं. मी स्वयंपाकघरात होते. ती आली, लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "आई, हे वाच."

ती पाच वर्षांची असताना २००४ साली आम्ही न्यू जर्सीत आलो. बालवाडीपासून सगळं इथेच शिकली. नवऱ्याच्या पहिल्या कंपनीने ग्रीनकार्डची फाइल सुरू करू करू म्हणत वर्षं घालवली. दुसऱ्या कंपनीच्या वकिलाने एकदा चुकीचा फॉर्म भरला, सगळं पहिल्यापासून. शेवटी रांगेतली आमची तारीख पडली २०११ ची. एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग हलत नाही. २०२० च्या जानेवारीत लेक एकवीस वर्षांची झाली, म्हणजे आमच्यावर अवलंबून असलेलं मूल धरेनात, आणि आमच्या अर्जातून तिचं नाव गळलं. आमची दोघांची कार्डं २०२२ मध्ये आली. ती पाकिटं मी फोडली तेव्हा ती घरात होती. काही बोलली नाही. त्या दिवशी मी गोड काही केलं नाही.

आणि त्याच २०२२ मध्ये, पात्रतेचं पान बघायच्या आधी, फर्म निवडायची वेळ आली. दोन ऑफर होत्या. एक फिलाडेल्फियातली छोटी, खटले चालवणारी, तिला मनापासून आवडलेली. दुसरी न्यूयॉर्कची मोठी, कंपन्यांच्या करारांचं काम, पण व्हिसा स्पॉन्सर करू असं लेखी देणारी. मी तिला दुसरी घ्यायला लावली. लावली हाच शब्द खरा आहे. तीन दिवस मी दुसरं काही बोललेच नाही. ती आज तिथेच आहे, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव लागलं, पगार उत्तम आहे. छोटी फर्म घेतली असती तरी मुख्य भूमीवर फेडरल क्लार्कशिप मिळाली नसती, हे मला कळतं. पण तिथले एक सीनियर हवाईत क्लार्क होते, हे तिने मला नंतर, सहज बोलता बोलता सांगितलं. त्यांनी तिला ती वाट दाखवली असती का, हे मी रात्री अजून घोळवत बसते.

सांगलीला आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढं शिकून कारकून कशाला व्हायचं?" तेव्हा मला त्यांचा राग आला होता. न्यायाधीशांच्या शेजारी बसून निकालाचा मसुदा लिहायचा, हे लेक दहावीपासून बोलत होती.

एकटेपणाचं विचारलंस. मंडळ आहे, गणपती आहे, फोन आहे. भागतं.

तुझ्यासारखी एलएलबी झालेली बरीच मुलं एक वर्षाचं एलएलएम करून येतात. त्यातून फेडरल क्लार्कशिप क्वचित मिळते, म्हणून जेडीचा विचार बरोबर आहे. पण तीन वर्षांचं कर्ज घेण्याआधी, ज्या कॉलेजांना अर्ज करते आहेस त्यांच्या क्लार्कशिपच्या ऑफिसला सरळ ईमेल टाक. गेल्या पाच वर्षांत एफ-१ वरचे तुमचे किती विद्यार्थी न्यायाधीशांकडे लागले, आणि कुठल्या कोर्टात, एवढंच विचार. हा ईमेल मी २०२१ मध्ये पाठवायला हवा होता. उत्तर आलं की मलाही कळव.