घोड्याला ट्रेलर जोडल्यावर झटके बसतात? आधी खडू घ्या, मग पाना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेकंड हँड घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ४० फुटी ट्रेलर घेतला, गडचांदूरचं सिमेंट वणी-यवतमाळकडे ओढता, आणि गाडी उचलताना, गिअर बदलताना, ब्रेक दाबताना मागून धाडकन धक्का बसतो, ब्रेकच्या वेळी सगळ्यात वाईट. मेकॅनिक म्हणतो किंग पिन (ट्रेलरखालचा जाड खुंटा) आणि फिफ्थ व्हील (घोड्यावरचं टेबल, ज्याच्या लॉकचा जबडा ती पिन धरतो) दोन्ही बदला. बदलावं का?

एवढ्यात बदलू नका, भाऊ. मी याच पट्ट्यात ट्रेलर चालवतो आणि गाडी स्वतःची असल्यामुळे पानाही हातात घ्यावा लागतो. धक्का कॅबिनमध्ये एकच जाणवतो, पण तो चार-पाच जागांहून येऊ शकतो. पिन आणि लॉकमधली ढिलाई ही त्यातली एक जागा. फिफ्थ व्हील ज्या ब्रॅकेटवर बसतं त्याचे बोल्ट आणि रबर बुश ही दुसरी. घोड्याच्या मागच्या ॲक्सलला जागेवर धरणारे टॉर्क रॉड आणि व्ही रॉड, आणि इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) ही तिसरी. आणि ट्रेलरचे ब्रेक उशिरा लागणं. हे शेवटचं कोणी बघतच नाही, कारण तिथे पार्ट विकता येत नाही.

कुठली जागा ते असं शोधा. सपाट जागेवर, ट्रेलर भरलेला असताना, ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून गुटके लावा आणि ट्रेलरचा ब्रेक लावून ठेवा. इंजिन बंद करून खडूने दोन रेघा ओढा. पहिली रेघ फिफ्थ व्हीलच्या प्लेटवरून ट्रेलरच्या खालच्या प्लेटवर जाणारी, म्हणजे अर्धी इकडे अर्धी तिकडे. दुसरी फिफ्थ व्हीलच्या ब्रॅकेटवरून घोड्याच्या चेसिसवर. आता एक जण स्टेअरिंगवर, दुसरा बाजूला उभा, चाकांच्या रेषेबाहेर. मधे किंवा खाली कोणीही जायचं नाही. इंजिन चालू करून, घोड्याचा ब्रेक सोडून आधी पहिला गिअर, मग रिव्हर्स, क्लच अगदी हलकेच टेकवायचा. गाडी पुढे-मागे जितकी हलेल तितकीच हलू द्यायची.

पहिली रेघ तुटून मागेपुढे होत असेल तर ढिलाई पिन-लॉकमध्ये आहे. दुसरी रेघ तुटत असेल तर ब्रॅकेटचे बोल्ट सैल आहेत किंवा बुश गेले आहेत. बोल्टच्या डोक्याभोवती गंजाची तांबूस भुकटी दिसली तर समजा तो बोल्ट बरेच दिवस हलतो आहे. दोन्ही रेघा जागच्या जागी, आणि तरी ठक्क आवाज येतो, तर तो मागचा ॲक्सल किंवा शाफ्ट. तिथे लाख रुपयांचं फिफ्थ व्हील टाकलं तरी धक्का तसाच राहणार.

पहिली रेघ हलली असं धरू. मग घोडा सोडवून, ट्रेलर पायांवर नीट उभा करून, पिन डिझेलने स्वच्छ पुसा आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावा. तुमच्याकडची पिन बहुधा दोन इंची असेल. नवी असताना लॉक जिथे धरतो तिथे ती ५०.८ मिलिमीटर भरते, आणि ४९ च्या खाली गेली की बदलायची. माप दोनदा घ्या, एकदा पुढून मागे, एकदा डावीकडून उजवीकडे. पिन ओढ्याच्या दिशेने जास्त झिजते, त्यामुळे ती अंडाकृती होते आणि आडवं माप घेऊन फसायला होतं. पिन मापात असेल तर ढिलाई लॉकच्या जबड्यात आहे. बऱ्याच कंपन्यांच्या फिफ्थ व्हीलला बाजूला ॲडजस्टिंग बोल्ट असतो, त्याने जबडा पुढे घेता येतो. किती आटे फिरवायचे ते ज्या त्या मॉडेलच्या पुस्तकात असतं, अंदाजाने फिरवू नका. बोल्ट संपला असेल तर जबडा आणि त्यासोबतच्या रिंगची किट मिळते, ती टाका. पूर्ण टेबल बदलायची गरज फार क्वचित पडते.

इथे दोन गोष्टी ठासून सांगतो. झिजलेल्या पिनवर लॉक घट्ट करू नका. आज धक्का कमी होईल, पण उद्या त्याच घोड्याला दुसऱ्याचा नव्या पिनचा ट्रेलर लावला तर लॉक पूर्ण बंदच होणार नाही, आणि हँडल मात्र बंद झाल्यासारखं दिसेल. असाच ट्रेलर रस्त्यात सुटतो. दुसरी गोष्ट, आपल्याकडे काही गॅरेजवाले पिन वेल्डिंगने भरून लेथवर गोल करून देतात. स्वस्त पडतं म्हणून लोक करतातही. किंग पिन ही उष्णतेची खास प्रक्रिया केलेल्या पोलादाची असते, वेल्डिंगच्या आचेने तिची ताकद जाते आणि बारीक चीर पडली तर वरून दिसत नाही. २५-३० टन माल ज्या पिनवर लटकतो तिच्यावर असली काटकसर मला पटत नाही. नवी पिन टाका आणि ती योग्य माणसाकडूनच बसवून घ्या.

ढिलाई शून्य करायच्याही मागे लागू नका. थोडी फट लागतेच, नाहीतर वळताना स्टेअरिंग जड होतं आणि सोडवायच्या वेळी लॉक उघडत नाही.

ग्रीसचं म्हणाल तर तुमच्या कामात तो मोठा विषय आहे. सिमेंटची धूळ आणि रस्त्याची माती जुन्या ग्रीसमध्ये बसली की घासायची पेस्टच तयार होते, आणि वरून नवं ग्रीस भरलं की ती आणखी आत जाते. म्हणून आधी खरवडून काढा, डिझेलने पुसा, मग नवं भरा. प्लेटवर आणि लॉकच्या आतही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पातळ ग्रीस वितळून बाजूला ओघळतं, त्या दिवसांत दाट, जास्त दाब सोसणारं घ्या. टेबलला प्लॅस्टिकचा लाइनर असेल तर प्लेटवर ग्रीस नको, फक्त लॉकला.

आता ब्रेक. तुम्ही लिहिलंय की सगळ्यात वाईट धक्का ब्रेक दाबताना बसतो, म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे. ट्रेलरचा ब्रेक घोड्याच्या सोबत, खरं तर केसभर आधी लागला पाहिजे. उशिरा लागला तर उताराला बैलगाडी बैलांच्या अंगावर येते तसा सगळा माल घोड्यावर येतो, आणि पिन-लॉकमधली जी काही दोन-तीन मिलिमीटर फट आहे ती एका दमात भरून निघते. तोच तुमचा धाडकन आवाज. फट तीच असली तरी ब्रेक बरोबर असेल तर ती हळू भरते आणि कॅबिनमध्ये जाणवतही नाही.

तपासायला सोपं आहे. रोजच्यासारखं ब्रेक मारत दहा-पंधरा किलोमीटर चालवा, थांबा, आणि प्रत्येक ड्रमजवळ तळहात न्या. लावू नका, भाजेल. घोड्याचे ड्रम तापलेले आणि ट्रेलरचे गार असतील तर ट्रेलर ब्रेक मारतच नाही, घोडाच दोघांचं ओझं थांबवतोय. मग ट्रेलरचे स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढिलाई कमी-जास्त करणारे हात) बघा, त्यांना ढकलणारा पुशरॉड गरजेपेक्षा लांब बाहेर येत असेल तर ब्रेक उशिराच लागणार. ट्रेलरला ब्रेकचा इशारा नेणाऱ्या पिवळ्या हवेच्या पाइपच्या कपलिंगचं रबर फाटून हवा गळत असेल तरी तेच. ट्रेलरच्या हवेच्या टाकीजवळच्या रिले व्हॉल्व्हमध्ये (तो टाकीतली हवा ब्रेकला सोडतो) पाणी किंवा घाण अडकली तरी तेच, टाकीचं पाणी तुम्ही शेवटचं कधी काढलं ते आठवून बघा. हे काम ब्रेकच्या मेकॅनिककडून करून घ्या, वेल्डिंगवाल्याकडून नको.

काही घोड्यांना ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा हात असतो. जुने ड्रायव्हर उतार लागायच्या आधी तो हलका ओढून ट्रेलर मागे ताणून ठेवतात. कोरड्या, सरळ रस्त्यावर ठीक आहे. पावसात डांबरावर काळ्या मातीचा चिखल आला असेल आणि ट्रेलर रिकामा असेल तर मागची चाकं जाम होऊन शेपूट आडवं येतं, तेव्हा त्या हाताला हात लावू नका.

माल कसा भरता तेही बघा. वणीत अर्धं सिमेंट उतरवून उरलेलं यवतमाळला नेत असाल आणि वणीत पुढचा अर्धा भाग खाली करत असाल, तर वणीनंतरच्या टप्प्यात सगळं वजन मागच्या ॲक्सलवर जातं आणि पिनवरचा दाब उतरतो. टेबलवर दाब असला की प्लेट सहज सरकत नाही, दाब गेला की प्रत्येक खड्ड्यात पिन पुढे-मागे नाचते. रुईच्या गाठी नेतानाही हेच. उतरवताना पुढून-मागून सारखं उतरवायला सांगा. हमाल कुरकुर करतील, करू द्या.

चालवण्यातही थोडं आहे. उचलताना अर्ध्या क्लचवर घोडा जरासा सरकू द्या, पिन जबड्याला टेकल्याचं सीटमधून कळतं, मग ॲक्सिलेटर द्या. ॲक्सिलेटर एकदम सोडू नका, थांबायचं असेल तर लांबूनच पाय उचला.

आणि काँक्रीटच्या रस्त्यावर वेगळाच लयबद्ध झटका बसत असेल तर घाबरू नका. काँक्रीटचे सांधे साधारण ४.५ मीटरवर असतात, ताशी ५० ला सेकंदाला तीन सांधे लागतात, आणि तो ठेका गाडीच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळला की ती उचकायला लागते. वेग पाच-सात किलोमीटर वर किंवा खाली घेतला की बंद होतं. आमच्या काळ्या मातीतले डांबरी रस्ते मात्र पावसाळ्यानंतर जिथे-तिथे फुगतात आणि बसतात, तिथे वेग कमी करण्याशिवाय उपाय नाही.

काहीही खोललं-बसवलं की जोडल्यानंतर टॉर्च मारून पिनमागे लॉक बंद झालेला डोळ्यांनी बघा, प्लेट आणि टेबलमध्ये उजेड दिसता कामा नये. मग ट्रेलरचा ब्रेक लावून लहान गिअरमध्ये घोडा हलका ओढून बघा. जोडताना ट्रेलरची प्लेट टेबलपेक्षा जराशी खालीच असावी, उंच राहिली तर पिन जबड्यात नीट बसत नाही.

ट्रेलर किती ॲक्सलचा आहे आणि सस्पेन्शन पाट्यांचं की हवेचं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. हवेचं असेल तर त्याचा उंचीचा व्हॉल्व्हही तपासावा लागेल. कुठली रेघ हलली आणि कुठले ड्रम गार निघाले ते खाली लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.