रात्रभर वाचतो, तरी लक्षात राहत नाही

“मॅडम, पोरगं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते, अन् टेस्टमध्ये कोरं! काहून होत असेल असं? डोकंच कमी आहे का याचं?” नागपूरच्या नंदनवनहून आलेल्या आईचा प्रश्न. नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू असलेल्या बऱ्याच घरांत तो असतोच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी मुलाची बायोलॉजीची वही मागितली. क्रेब्ज सायकलच्या पानावर वरचं अक्षर टापटीप. खाली मात्र एकच ओळ तीनदा लिहिलेली, आणि शेवटचा शब्द घसरत पार समासात गेलेला.

“हे कधी लिहिलंस?”

“दीडच्या पुढे. पण मला चालते कमी झोप.”

असं वाटतं खरं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना 14 दिवस रोज 6 तासच झोपू दिलं. सलग जागरण केल्यासारखं त्यांचं लक्ष ढासळलं, तरी आपल्याला थोडीच झोप येतेय असं ते सांगत होते.

दिवसा शिकलेलं आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरतं राहतं. गाढ झोपेत मेंदू त्याची पुन्हा उजळणी करतो आणि ते हळूहळू बाहेरच्या थरात पक्कं होतं. ही गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते, स्वप्नांची उत्तरार्धात. दोनला झोपून सहाला क्लाससाठी उठलं की उत्तरार्ध बुडालाच. त्याची भरपाई हा मुलगा दुपारी कूलरसमोर एक ते चार झोपून करायचा. आणि नीटचा पेपर असतो दुपारी 2 ते 5! शरीराला ज्या वेळी झोपायची सवय, त्याच वेळी 180 प्रश्न. हे आईच्या लक्षातच आलं नव्हतं.

पहाटे चारला उठवायचा हट्ट मात्र मी तिला सोडायला लावला. या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा वाढतं. मुलं उगाच आळशी नसतात.

खरी अडचण निघाली घरात. वडील बुटीबोरीच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला. ते साडेअकराला आले की दिवे, टीव्ही, ताटं, गप्पा. मग मुलाचं अंथरूण आतल्या खोलीत गेलं आणि बापलेकांची भेट सकाळच्या चहावर. झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणत अकरावर आणली. रविवारीही सातच्या आत उठून गच्चीवर उन्हात यायचं, कारण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने जुळतं. चहा संध्याकाळी पाचनंतर बंद. पाठांतर झोपण्याआधी आणि सकाळी वही न उघडता तेच लिहून पाहायचं. दुपारी झोपायचंच तर अलार्म लावून वीस मिनिटं.

पहिला आठवडा रडारडीचा गेला. महिन्याभराने दोन वाजताच्या मॉक टेस्टमध्ये बायोलॉजी सुधारलं. फिजिक्स होतं तिथेच. “फिजिक्सवर झोप हे औषध नाही,” मी म्हटलं, “त्याची बेसिकच कच्ची आहेत.” त्यासाठी आता शेजारच्या कॉलनीतले एक सर आठवड्यातून दोनदा घरी येतात. संध्याकाळी सहाला, रात्री साडेनऊला नाही.