पाना खाली ठेव

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. रबाळ्याच्या प्लांटमध्ये मेंटेनन्सचा शिफ्ट इन्चार्ज होऊन तुला दोन महिने झाले आणि संध्याकाळी घरी जाताना आपण दिवसभर काहीच केलं नाही असं वाटतं, हात स्वच्छ असतात याचीच लाज वाटते, असं तू लिहिलंस. पुढे लिहिलंस की गेल्या आठवड्यात फीड पंपाचं सील (शाफ्टपाशी गळती थांबवणारा भाग) फिटरकडून घेऊन तू स्वतः पाऊण तासात बदललंस, प्रॉडक्शनवाले खूश झाले, आणि तेव्हापासून तो फिटर तुझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्याला राग कशाचा आला ते तुला कळत नाही.

अरे, सगळ्या पाळीसमोर त्याच्या हातातलं काम काढून घेतलंस. ‘तुला जमत नाही’ हे तोंडाने बोलायची गरजच उरली नाही. शिवाय त्या पाऊण तासात तो एक काम शिकायचा होता, ते राहिलं. पुढच्या वेळी ते सील गेलं की तो तुझ्याच तोंडाकडे बघणार. तू हुशार कारागीर आहेस, म्हणूनच तुला वर घेतलं, त्याबद्दल काही बोलायचं नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: पाना खाली ठेव.

त्या सीलचंच घे. सील गळतंय, बदलून टाक, हा विचार फिटरचा, आणि त्याच्या जागी तो बरोबर आहे. तू विचारायचंस की हे सील याआधी कधी बदललं होतं. लॉगबुक उघड. काही महिन्यांत तिसऱ्यांदा तेच सील जात असेल तर दोष बहुतेक वेळा सीलचा नसतो. सक्शनचा स्ट्रेनर (पंपात येणाऱ्या पाइपातली जाळी) चोक होऊन पंप कोरडा चालला का? कपलिंगचं (पंप आणि मोटर जोडणाऱ्या भागाचं) अलाइनमेंट डायल गेज लावून कोणी घेतलं, की स्केल टेकवून डोळ्यांनीच? फ्लॅंजचे (पाइपच्या जोडाचे) बोल्ट सैल केले की पाइप बाजूला सरकतो का? सरकत असेल तर पाइपचा सगळा ताण पंपाच्या केसिंगवर आहे, आणि कितीही महागाचं सील आणलंस तरी ते टिकणार नाही. मशीनच्या पायाचा एकेक बोल्ट ढिला करून गेज बघ, पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला जात असेल तर आधी पायाखाली शिम (पातळ पत्रा), मग अलाइनमेंट. सील बसतं तिथे शाफ्टचा रनआउट (फिरताना होणारं डगमगणं) ०.०५ मिमीच्या आत हवा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर बाकीचं मोजणं वाया.

आता सांग, तू पंपात डोकं घालून ग्लॅंडचे (सील दाबून धरणाऱ्या झाकणाचे) नट आवळत असताना हे सगळं कोण बघत होतं? कोणीच नाही. पाळीत फिटर चार आहेत, पण मागे उभं राहून ‘हे पुन्हा का झालं’ विचारणारा एकच आहे, आणि तो त्या दिवशी पाना धरून बसला होता.

काम कसं सोपवायचं ते नीट लिहितो, कारण ‘डेलिगेशन’वरच्या ट्रेनिंगमध्ये ते कोणी सांगत नाही. ‘जरा तो पंप बघून घे’ याला काम सोपवणं म्हणत नाहीत. चार गोष्टी बोलून दाखव. काय बिघडलंय. काय झालं म्हणजे काम झालं म्हणायचं. कुठे थांबून मला हाक मारायची. आणि किती वाजेपर्यंत. म्हणजे असं: ‘बी पंपाचं सील गळतंय. नवीन सील बसून पंप अर्धा तास चालला, थेंब नाही, बेअरिंग गरम नाही, म्हणजे झालं. शाफ्टच्या स्लीव्हवर खाच दिसली किंवा रनआउट जास्त आला तर पुढे जाऊ नका, मला बोलवा. साडेबारापर्यंत व्हायला हवं.’ मग त्यालाच विचार, ‘कसं करणार?’ त्याच्या उत्तरावरून तुला कळेल किती जवळ उभं राहायचं.

पहिल्या वेळी दोन पावलं मागे उभा राहा, पुढच्या वेळी हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या वेळी फक्त शेवटी बघायला ये. मागे उभं असताना हात शिवशिवतील. तो तुझ्यापेक्षा वेगळ्या क्रमाने करेल. बरोबर करत असेल तर गप्प बस. तोंड उघडायचं ते पार्ट बिघडणार असेल तेव्हाच. म्हणजे तेलकट बोटं सीलच्या कार्बन फेसला (घासणाऱ्या गुळगुळीत बाजूला) लागताहेत, धागे सुटणाऱ्या चिंध्यांनी फेस पुसला जातोय, ग्लॅंड एका बाजूने आवळून मग दुसरीकडे वळतोय (समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळायचे असतात), किंवा हवा न काढताच पंप चालू करतोय. तेव्हासुद्धा तोंडानेच सांग. पाना घेऊ नकोस.

हो, वेळ जास्त लागणार. तुला पाऊण तास लागला तिथे त्याला दोन-अडीच तास लागतील. म्हणून शिकवायची वेळ तू निवड. एकुलत्या एक पंपावर, बॅच अडकलेली असताना शिकवायला जाऊ नकोस. स्टॅंडबाय पंप दिवसा, शांतपणे उघडायला लाव. आणि तुझ्या मॅनेजरला आजच सांगून ठेव की पुढचे तीनेक महिने दुरुस्तीचा वेळ वाढलेला दिसेल. आधी सांगितलंस तर ते नियोजन असतं. नंतर सांगितलंस तर तीच सबब ठरते.

या माझ्या पद्धतीला लोक संथ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. ‘प्रॉडक्शन बुडतं त्याचं काय’ हेही ऐकून झालंय. माझं उत्तर आजही तेच. सगळं स्वतः करणारा इन्चार्ज सुट्टीच्या दिवशी घरी असला की प्लांट त्याच्या फोनवर चालतो. तो फोन लागला नाही की किती प्रॉडक्शन बुडतं, ते मात्र कुठल्याच रिपोर्टात येत नाही. यात मी कधीच नमतं घेतलं नाही आणि घेणारही नाही. मला खंत वाटते ती वेगळीच. चांगल्या हाताचे किती तरी फिटर, केवळ वरचा माणूस उत्तम कारागीर होता म्हणून, वर्षानुवर्षं त्याला पाने पुरवत राहिले. निवृत्त होईपर्यंत एकट्याने गिअरबॉक्स उघडायला मिळाला नाही. तुझ्या पाळीत असं कोणाचं होऊ देऊ नकोस.

पाना कधी उचलायचा? जिवाला धोका असेल तेव्हा. माणूस कमी असल्यामुळे कोणी स्वतःहून ‘साहेब, जरा धरा’ म्हणाला तेव्हा. आणि एखादं काम पहिल्यांदा करून दाखवायचं असेल तेव्हा, एकदाच. चौथं कारण शोधू नकोस.

सुरक्षेचं तर मी रागावूनच सांगतो. परमिटवर, म्हणजे काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर, आता तुझी सही असते. ती केबिनमध्ये चहा पिता पिता करायची नाही, जागेवर जायचं. मशीनच्या बंद केलेल्या स्विचवर जितकी माणसं कामावर तितकी कुलुपं, ज्याचं कुलूप त्याचीच चावी, आणि ती त्याच्याच खिशात. कुलूप लागल्यावर स्टार्टचं बटण दाबून बघायचं की मोटर खरंच चालू होत नाही. लाइनमधलं प्रेशर सोडलंय का, ड्रेन उघडून डोळ्यांनी बघायचं. टाकीत माणूस उतरणार असेल तर ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान आहे का, ज्वलनशील आणि विषारी वायू आहेत का, हे वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं, कारण हवेपेक्षा जड वायू तळाशी साचतात. आणि तोंडाशी एक माणूस सतत उभा हवा. हे सगळं बघणारा तू आहेस. तूच टाकीत उतरलास, तूच बोल्ट काढायला लागलास, तर बघायला कोण उरलं?

प्रॉडक्शनवाला येऊन ओरडतो, ‘किती वेळ?’ फिटरच्या मानेवर त्याला उभं राहू देऊ नकोस, तू मध्ये उभा राहा. खोटी वेळ सांगू नकोस. ‘कव्हर उघडलंय, स्लीव्ह बघतोय, साडेअकराला पक्कं सांगतो’ एवढं सांग, आणि साडेअकराला काही कळलं नसलं तरी जाऊन सांग. चार-सहा वेळा असं झालं की ओरडणं थांबतं.

पाळी बदलताना बहुतेक घोटाळे होतात. तीन वाजले की सगळे कंपनीच्या बसकडे किंवा ट्रान्स-हार्बर लोकलसाठी धावतात आणि हॅंडओव्हर गेटपाशी चालता चालता उरकतो. तो मशीनपाशी कर, पंधरा मिनिटं आधी. लॉगबुकात चार गोष्टी हव्यातच: अर्धवट राहिलेली कामं, तात्पुरत्या जोडण्या आणि बायपास, कुलूप लावून ठेवलेली मशीनं, उघडी परमिटं. पावसाळ्यात पुढची पाळी कळव्यात किंवा ठाणे स्टेशनात अडकली तर मागच्यातलं कोण थांबणार, हे जूनच्या आधी नावानिशी ठरव आणि बोर्डावर लाव. पाणी शिरलेली मोटर सुकवल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) मोजायची. एक मेगाओमच्या खाली असेल तर कोणीही कितीही ओरडलं तरी चालू करायची नाही.

आता माणसांबद्दल. त्या फिटरला तू आतापर्यंत मामा म्हणत होतास, तर मामाच म्हण. साहेब झालास म्हणून आडनावावर येऊ नकोस. त्याला एकट्याला गाठ आणि सरळ सांग, ‘मामा, ते काम मी तुमच्या हातातून घ्यायला नको होतं. पुढचं सील तुम्ही करा, आणि अप्रेंटिसला बरोबर घेऊन करा.’ कारणं देत बसू नकोस. जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मात्र बाहेर पड, न रुसता. त्यांना साहेबाबद्दल बोलायला जागा हवी आणि साहेब आता तू आहेस. ओव्हरटाइमची पाळी वहीत लिहून भिंतीवर लाव, क्रमाने. ‘आपल्या माणसालाच देतो’ हा संशय सगळ्यात आधी तिथेच येतो. कोणाला बोलायचं असेल तर बाजूला घेऊन बोल, आणि आधी ‘काय झालं’ विचार; ‘कोणी केलं’ नंतर. ठेकेदाराच्या माणसांनाही हेच नियम. त्यांचं कुलूप वेगळं, त्यांनाही नावाने हाक.

ओव्हरटाइम बंद झाल्यामुळे महिन्याला हातात कमीच पडतं, असंही तू लिहिलंस. हे बऱ्याच जणांचं होतं, एचआरशी बोल. एवढं लक्षात ठेव की औद्योगिक संबंध संहिता, २०२० प्रमाणे पर्यवेक्षकाचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त पगार घेणारा माणूस ‘कामगारा’त मोडत नाही, आणि वाद झालाच तर पत्रावरचा हुद्दा सोडून प्रत्यक्ष काम बघितलं जातं. दिवसभर पाना चालवशील तर काम फिटरचं आणि ओव्हरटाइम शून्य, असं दोन्हीकडून नुकसान तुझंच.

स्वच्छ हातांचं म्हणशील तर संध्याकाळी निघण्याआधी वहीत तीन ओळी लिही. आज कोणी कुठलं काम पहिल्यांदा एकट्याने केलं. कुठल्या वारंवार होणाऱ्या बिघाडाचं मूळ सापडलं. कुठली तात्पुरती जोडणी अजून तशीच आहे. पहिली ओळ आठवडाभर रिकामी राहिली तर समज की तू पुन्हा पाना उचलला आहेस.

शुक्रवारी सुट्टी आहे ना, तेव्हा तासभर बस. एका मोठ्या कागदावर डावीकडे पाळीतल्या सगळ्यांची नावं लिही, वर महत्त्वाची कामं: सील, अलाइनमेंट, बेअरिंग बदलणं (हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवून, गॅसकटरच्या ज्योतीने कोणी तापवत असेल तर तेही थांबव), गिअरबॉक्स, सेफ्टी व्हॉल्व्ह उतरवणं, स्टीम ट्रॅप. चौकटीत खूण कर: माहीत नाही, मदतीने करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. तुझं नाव त्यात लिहायचं नाही. ज्या कामापुढे ‘एकटा करतो’ म्हणावीत अशी दोन नावंही नसतील, ते काम येत्या शटडाऊनच्या आधी स्टॅंडबाय मशीनवर कोण कोणाकडून शिकणार ते ठरव. माझा अंदाज आहे की सीलच्या रकान्यात ‘एकटा करतो’ची एकही खूण नसेल. कागदाचा फोटो काढून रविवारपर्यंत मला पाठव.