कार्डाची मेमरी भरते म्हणून मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न पुण्यातल्या कर्वेनगरच्या एका ताईंचा आहे. त्या घरून इंटिरिअरचे थ्रीडी रेंडर करून देतात, महिन्याला साधारण २५,००० रुपये सुटतात. डेस्कटॉप २०१८चा: आय५-८४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. लहान फाइल नीट चालतात, पण मोठी लावली की 'आउट ऑफ मेमरी' येते आणि ब्लेंडर हे थ्रीडीचे सॉफ्टवेअर बंद पडते. दुकानदार म्हणतो, ९५,००० रुपयांचा नवा संच घ्या. दुसरा पर्याय २४,००० रुपयांत वापरलेले मोठे कार्ड आणि नवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घेण्याचा आहे. १,८०,००० रुपयांची मुदत ठेव मोडावी का? घरात दुसरी शिल्लक नाही.

ताई, ठेव मोडू नका. जवळपास चार महिन्यांची कमाई घालण्याआधी नेमके काय बिघडले आहे ते कळायला हवे, आणि ते घरबसल्या कळते.

फाइल उघडी ठेवून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) बघा. 'डेडिकेटेड' मेमरीचा आकडा ४ जीबीला टेकला आणि मगच संदेश आला, तर कार्ड धड आहे, फक्त अपुरे पडते. पण संगणक चालू होताना, विंडोज येण्याआधीच पडद्यावर रंगीत ठिपके किंवा आडव्या-उभ्या रेघा दिसल्या, तर कार्डाचीच मेमरी गेली असण्याची शक्यता जास्त. आधी केबल आणि मॉनिटर बदलून खात्री करा. ही मेमरी कार्डावरच डकवलेली असते, रॅमसारखी काढून वाढवता येत नाही. हीटगनने गरम करून 'दुरुस्त' केलेले कार्ड बहुधा थोडेच दिवस टिकते, त्यावर पैसे घालू नका.

तुमच्या वर्णनावरून मला पहिलीच शक्यता वाटते, कारण लहान फाइल नीट चालतात. मग हिशोब टेक्श्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांचा. ४०९६ बाय ४०९६चे एक टेक्श्चर मेमरीत साधारण ६४ एमबी घेते. फरशी, लाकूड, पडदे, गाद्या मिळून अशी ४० झाली की अडीच जीबी गेलेच. तेच २०४८वर आणले तर प्रत्येकी १६ एमबी. जी वस्तू खोलीच्या कोपऱ्यात दिसणार आहे तिला एवढे तपशीलवार टेक्श्चर कशाला? रेंडर करताना ब्राउझर आणि दुसरा मॉनिटरही बंद ठेवा, तेही याच मेमरीतून खातात. काम अडलेच तर रेंडर कार्डाऐवजी सीपीयूवर (प्रोसेसरवर) लावा. रात्रभर चालेल, पण तारीख चुकणार नाही. एवढ्याला एक रुपया लागत नाही, म्हणून आधी महिनाभर हेच करा.

तरीही मोठी कामे परत करावी लागली, तर खर्च करायला माझी हरकत नाही. तुम्ही कळवलेला दुसरा पर्याय, म्हणजे १२ जीबीचे वापरलेले आरटीएक्स ३०६० आणि नवा एसएमपीएस मिळून २४,०००, मला पटतो. तो महिन्याच्या कमाईत बसतो. एसएमपीएसवर काटकसर करू नका: तुमचे आताचे कार्ड ७५ वॉटचे, हे १७० वॉटचे आहे आणि कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. जमल्यास रॅमही १६ जीबी करा, कारण कार्ड भरले की भार रॅमवर येतो. स्वस्त मिळते म्हणून पुन्हा १०५० टीआय मात्र नको. त्या पिढीला आता फक्त सुरक्षेपुरते ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) मिळणार आहेत.

विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला म्हणूनही संच बदलायला नको. तुमचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत आहे, बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू केली की बहुतेक काम होते.

पैसे कमी पडले तर ठेवीवर कर्ज घ्या. व्याज सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असते आणि ठेव शाबूत राहते. 'नो कॉस्ट' हप्त्यांत प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी येतो, रोखीची सूटही जाते. बिल स्वतःच्या नावावर घ्या. हिशोबवही ठेवून विवरणपत्र भरत असाल तर व्यवसायासाठीच्या संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो.

कार्ड तपकीर गल्लीतून घ्या नाहीतर ओळखीच्याकडून, पैसे देण्याआधी तुमचीच मोठी फाइल त्यावर समोर रेंडर करून बघा. आणि टास्क मॅनेजरमध्ये १२ जीबी दिसते ना ते तपासा, कारण आरटीएक्स ३०६० याच नावाचे ८ जीबीचे कार्डही बाजारात आहे.