१९७७ चा ‘ट्रॅव्हलर’ हा टेबलावर खेळायचा, अंतराळातला रोलप्लेइंग गेम (म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र होऊन खेळायचा) अजून जिवंत आहे का?

जिवंत आहे. आम्ही चौघं लातुरात एक रविवार सोडून एक रविवार खेळायलोत, म्हणून छातीठोक सांगतो.

“कंपनीच बुडाली, आता कुठला ट्रॅव्हलर,” असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं म्हणता. ते अर्धंच खरं. मार्क मिलरचा हा गेम काढणाऱ्या गेम डिझायनर्स वर्कशॉपला १९९६ मध्ये टाळं लागलं. पण २००८ मध्ये मंगूज पब्लिशिंग या ब्रिटिश कंपनीनं नवी आवृत्ती आणली, २०१६ मध्ये दुसरी, २०२२ मध्ये तीच सुधारून. शिवाय २००८ चे नियम खुल्या परवान्यावर, म्हणजे इतरांनाही वापरता येतील असे दिलेले, त्यातून ‘सेफियस इंजिन’ नावाचं सख्खं भावंड निघालं.

इतकं होऊनही मूळ हिशोब फारसा हलला नाही. दोन साधे फासे टाकायचे, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा जोडायचा, बेरीज ८ किंवा वर गेली की जमलं. वीस बाजूंचा फासा कुरिअरनं मागवायची भानगड नाही. आमचे फासे सापशिडीच्या डब्यातले आहेत. लाईट गेली तरी खेळ मेणबत्तीवर चालतो.

मला विचाराल तर गेम टिकला तो कर्जामुळं. जुन्या नियमांत अंतराळयान घ्यायचं तर किमतीच्या २० टक्के रोख भरा, उरलेल्यासाठी मूळ किमतीचा २४० वा भाग दरमहा, असे ४८० महिने. म्हणजे चाळीस वर्षं! एकूण फेड किमतीच्या २२० टक्के. हप्ता चुकवायचा नाही म्हणून शेतीच्या ग्रहावरून माल उचलायचा, कारखान्यांच्या ग्रहावर विकायचा, वाटेत नको त्या लफड्यात पडायचं. आमच्यातल्या एकाची मोंढ्यात आडत आहे. गेममधला मालाच्या भावांचा तक्ता बघून तो म्हणाला, “अरे, हे तर सोयाबीनचं सीझन हाय की!” त्याला नियम समजावावेच लागले नाहीत. बातमीसुद्धा यानासोबतच जाते, एका उडीला साधारण आठवडा. पूर्वी एसटीच्या टपावरून गावात पेपर यायचा, तसंच. पुढच्या ग्रहावर भाव पडलेत हे तिथं पोचल्यावरच कळतं.

एक सावधगिरी: जुन्या पुस्तकात पात्र तयार होतानाच मरू शकतं. पात्राची आधीची नोकरीही फाशांवर ठरते; अंतराळात टेहळणी करणाऱ्या स्काउट दलात दर चार वर्षांच्या नोकरीला जगण्यासाठी ७ किंवा वर लागतात. माझे सलग दोन स्काउट खेळ सुरू व्हायच्या आधीच गेले. मंगूजच्या नियमांत अशा वेळी अपघात होऊन नोकरी सुटते, जीव वाचतो. नव्या माणसानं तेच घ्यावं. तीन जण जमले तरी पुरे, चौथ्याची वाट बघत बसू नका.

आमच्या यानाचे ४८० पैकी १९ हप्ते फिटलेत.