‘बापावरच गेलाय’ म्हणणाऱ्या आईला काय सांगशील?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. केंद्रात येऊन महिना झाला नाही तोच एका आईनं तुला विचारलं, ‘‘बापावरच गेलाय हो हा, आता काय उपयोग?’’ आणि तुला उत्तर सुचलं नाही. मलाही कितीतरी वर्षं सुचत नसे. मग मी फेनिलकीटोन्युरिया नावाच्या आजाराची गोष्ट सांगायला लागले.

१९३४ साली नॉर्वेत एक आई आपली दोन मुलं घेऊन डॉ. फॉलिंग यांच्याकडे गेली. दोघांचीही बौद्धिक वाढ खुंटलेली. मुलांच्या अंगाला, लघवीला चमत्कारिक वास येतो, हे ती डॉक्टरांमागून डॉक्टरांना सांगत आली होती. फॉलिंग यांनी ते मनावर घेतलं. लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि रंग हिरवा झाला! आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं, की फेनिलअ‍ॅलनीन नावाचं अमिनो आम्ल शरीरात साठत जातं आणि मेंदूला इजा करतं. म्हणजे आजार पुरता आनुवंशिक. पण १९६०च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांची चाचणी आली, नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायची. पहिल्या काही दिवसांतच निदान झालं, दूध-डाळ-अंडी मोजूनमापून आणि जोडीला खास पावडर दिली, तर तेच जनुक असलेलं मूल चारचौघांसारखं शाळेत जातं, शिकतं.

ही गोष्ट सांगताना एक सांभाळ. हट्ट, भीती, चंचलपणा यांमागे असं एखादं जनुक नसतं. असंख्य जनुकांचा थोडाथोडा हात असतो. तेव्हा आईला कुठल्या पथ्याची आशा लावू नकोस.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) खापर एके काळी आईच्या ‘थंडपणा’वर फोडलं जायचं. १९७७ साली फोल्स्टाइन आणि रटर या संशोधकांनी जुळ्यांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखवला. तोवर किती बायकांनी ते ओझं विनाकारण वाहिलं असेल! मला आजही त्याचा राग येतो. ‘घरचं वातावरणच तसं’ हे वाक्य तुझ्या तोंडून सहज निघता कामा नये.

ती आई पुन्हा आली की मुलगा कुणाजवळ शांत असतो, झोपतो किती, कान तपासलेत का, हे विचार. बापाचं लहानपण कसं गेलं, तेही. जमलं तर त्यालाच बोलावून घे. तो काय म्हणाला, मला कळव.